अरुंद झालेलं आतडं सोनोग्राफीत कसं वाचायचं: साधं अरुंदपण की कॅन्सर?

जेवणानंतर तासाभराने पोटात कळ येते, पोट फुगतं, गुडगुडतं आणि मग आपोआप मोकळं होतं. गेल्या काही महिन्यांत जेवण कमी झालंय, वजन उतरलंय. असा पेशंट 'पोटाची सोनोग्राफी' एवढीच चिठ्ठी घेऊन आपल्या टेबलावर येतो. त्याच्या रिपोर्टमध्ये लिव्हर, पित्ताशय, किडन्या यांचं सविस्तर वर्णन असतं आणि आतड्याबद्दल एखादीच ओळ: 'गॅसमुळे आतडी नीट दिसत नाहीत' किंवा 'उजव्या बाजूला आतड्याची भिंत जाड, क्लिनिकल कोरिलेशन करावे'. पेशंटचा खरा आजार बहुतेक वेळा त्या एका ओळीत दडलेला असतो. ती ओळ नीट कशी लिहायची, यासाठी हा लेख आहे. तो मुख्यतः सोनोग्राफी करणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी आणि गॅस्ट्रो-सर्जरीच्या निवासी डॉक्टरांसाठी लिहिला आहे, पण रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या नातेवाइकांनाही त्यातलं बरंचसं समजेल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. कॅन्सर आहे की नाही हे शेवटी पॅथॉलॉजिस्ट ठरवतो, तुकडा तपासून. सोनोग्राफीने तीन गोष्टी सांगायच्या असतात: अरुंद भाग नेमका कुठे आहे, त्याची भिंत कुठल्या प्रकारची दिसते, आणि पुढची तपासणी किती घाईची आहे. या तिन्हींचं उत्तर रिपोर्टमध्ये असेल तर पेशंटचे महिने वाचतात. आपल्याकडे सिकमजवळची (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाजवळची) भिंत जाड दिसली की तिला 'कॉक्स', म्हणजे टीबी, म्हणायचं आणि बायॉप्सीशिवाय टीबीची औषधं सुरू करायची, ही सवय अजून गेलेली नाही. त्या पेशंटांपैकी काहींना कॅन्सर असतो, आणि उपचाराची वेळ त्या औषधांत निघून जाते.

प्रोब (सोनोग्राफीचा पोटावर फिरवायचा भाग) हातात घेण्याआधी

दोन मिनिटं पेशंटशी बोला. स्क्रीनवर एकसारख्या दिसणाऱ्या दोन भिंतींचे अर्थ पेशंटच्या उत्तरांनी वेगळे होतात. शौचातून रक्त जातं का? पूर्वी कधी न झालेला बद्धकोष्ठ आता सुरू झालाय का? संध्याकाळचा ताप, घरात कुणाला टीबी? पोटाचं जुनं ऑपरेशन? गर्भाशयमुखाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलंय का? गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षं पेनकिलर चालू आहेत का? तरुण बाईला पाळीच्या दिवसांतच शौचाला दुखतं का? घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला होता का?

हिमोग्लोबिनचा रिपोर्ट मागून घ्या. पन्नाशीपुढच्या पुरुषाला लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया असेल आणि कारण सापडत नसेल, तर उजव्या बाजूचं मोठं आतडं मी कधीही घाईत उरकत नाही. तिथे आतड्याची पोकळी रुंद असते आणि मळ पातळ असतो. त्यामुळे गाठ बरीच वाढेपर्यंत अडथळा येत नाही, रक्त मात्र थोडंथोडं जात राहतं. डावीकडे पोकळी लहान आणि मळ घट्ट, म्हणून तिथला कॅन्सर लवकर अडवतो.

तयारी साधी आहे: 4 ते 6 तास उपाशी पोट, पाणी चालतं. एनिमा किंवा जुलाब नको. लघवीची पिशवी अर्धवट भरलेली असेल तर रेक्टम (गुदाशय) आणि सिग्मॉइड (त्याच्या आधीचा मोठ्या आतड्याचा वळणदार भाग) यांचा सांधा बघायला मदत होते. नंतर पिशवी रिकामी करून तोच भाग पुन्हा बघा.

मशीन आणि दाब

सुरुवात नेहमीच्या वक्र प्रोबने करा, साधारण 2 ते 5 मेगाहर्ट्झच्या. मोठा आवाका कळतो, खोलवरची आतडी दिसतात, फुगलेला भाग नजरेत येतो. संशयाचा भाग सापडला की लगेच 7 ते 12 मेगाहर्ट्झचा लिनिअर प्रोब घ्या. भिंतीचे थर त्याच प्रोबने वाचायचे असतात. वक्र प्रोबवर 'थर दिसत नाहीत' असं लिहिण्याला फारसा अर्थ नाही.

गॅसची तक्रार दाबाने बरीच कमी होते. 1986 साली डच रेडिओलॉजिस्ट युलियन पायलार्ट यांनी अपेंडिक्ससाठी हळूहळू वाढवत नेलेल्या दाबाची पद्धत मांडली. आतड्याची सगळी सोनोग्राफी आजही तिच्यावर उभी आहे. पेशंट श्वास सोडतो तेव्हा थोडं दाबायचं, तो श्वास घेतो तेव्हा हात तिथेच स्थिर ठेवायचा, पुढच्या श्वासाला आणखी थोडं. गॅस बाजूला सरकतो आणि प्रोब ते आतडं हे अंतर कमी होतं. झटक्यात दाबलं की पेशंट पोट ताठ करतो आणि सगळं बिघडतं. डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोय) लावताना मात्र दाब काढून घ्या, नाहीतर भिंतीतला रक्तप्रवाह आपणच बंद करतो. डॉपलरचा वेग 5 सेंमी प्रतिसेकंदाच्या आसपास खाली आणा आणि वॉल फिल्टर कमी ठेवा.

आतड्याचा माग कसा काढायचा

उजव्या जांघेच्या वर, सोआस स्नायू आणि इलियाक रक्तवाहिन्यांपासून सुरुवात करा. या वाहिन्यांवरून आडवा जाणारा टर्मिनल इलियम, म्हणजे छोट्या आतड्याचा शेवटचा भाग, सापडला की तो सिकममध्ये कुठे उघडतो ते बघा. या जोडावरच्या इलिओसिकल व्हॉल्वच्या (झडपेच्या) ओठांत चरबी असते, म्हणून ते पांढरट दिसतात. मग सिकमवरून असेंडिंग कोलन लिव्हरपर्यंत, तिथून जठराच्या खालच्या कडेला लागून ट्रान्सव्हर्स कोलन, मग प्लीहेकडचं वळण. हे वळण सगळ्यात अवघड आहे. पेशंटला उजव्या कुशीवर वळवून बरगड्यांच्या मधून, प्लीहेतून बघावं लागतं. पुढे डाव्या कडेने डिसेंडिंग, डाव्या सोआसवरून सिग्मॉइड आणि पिशवीच्या मागे रेक्टम.

छोट्या आतड्याला असा ठरलेला रस्ता नाही. तिथे शेतात नांगराची तासं पाडावीत तसा प्रोब वरून खाली, मग थोडा सरकवून खालून वर, असा सगळ्या पोटावरून न्या. तासांमध्ये जागा सुटू देऊ नका.

आतडं फुगलेलं असेल तर काम सोपं होतं. छोटं आतडं 2.5 सेंमीहून रुंद आणि आतला द्रव पुढेमागे हेलकावे खातोय असं दिसलं की फुगलेल्या भागापासून निघून पुढेपुढे जायचं. जिथे फुगलेलं आतडं संपतं आणि रिकामं, चपटं आतडं सुरू होतं, तीच आपली जागा.

आधी खात्री: अरुंद आहे की नुसतं आकसलेलं?

आतडं सतत आकसतं आणि सैल होतं. आकसलेल्या क्षणी भिंत जाड दिसते आणि पोकळी गायब होते, विशेषतः सिग्मॉइडमध्ये. म्हणून त्या भागावर प्रोब ठेवून एक-दोन मिनिटं नुसतं बघत राहा. पोकळी उघडली, आतून मळ किंवा द्रव सरकला, तर ते आकुंचन होतं. शंका राहिली तर पोटाचा बाकी भाग उरकून पंधरा मिनिटांनी परत तिथेच या. खरा अरुंद भाग दोन्ही वेळा तसाच असतो: भिंत 3 मिमीहून जाड, पोकळी शेजारच्या निरोगी भागाच्या निम्म्याहून कमी, आणि बऱ्याचदा मागचं आतडं फुगलेलं. भिंत मोजताना आतल्या पांढऱ्या रेषेपासून बाहेरच्या पांढऱ्या रेषेपर्यंत, लांबीच्या आणि आडव्या अशा दोन्ही छेदांत मोजा. वळणावर किंवा घडीवर मोजू नका. तिरकस छेदात भिंत फुकट जाड दिसते.

तिसरी रेषा

आता मुख्य भाग. चांगल्या लिनिअर प्रोबखाली निरोगी आतड्याची भिंत पाच पट्ट्यांची दिसते. आतून बाहेर: पांढरी, काळी, पांढरी, काळी, पांढरी. पहिली पांढरी म्हणजे पोकळी आणि म्यूकोसा (आतलं अस्तर) यांची सीमा, दुसरी काळी म्हणजे म्यूकोसा, तिसरी पांढरी सबम्यूकोसा (अस्तराखालचा थर), चौथी काळी स्नायूंचा थर, पाचवी पांढरी म्हणजे बाहेरचं आवरण आणि त्याला लागलेली चरबी.

यातली तिसरी, सबम्यूकोसाची पांढरी रेषा धरा. ती निरोगी भागात पकडा आणि हळूहळू अरुंद भागाकडे चालत जा. उलट दिशेने, अरुंद भागाच्या मध्यापासून सुरुवात करू नका. मध्यभागी सगळेच आजार विस्कटलेले दिसतात. कडेला, म्हणजे निरोगी भिंत संपून आजारी भिंत सुरू होते तिथे, त्या रेषेचं काय होतं ते बघायचं आहे. तिचं साधारण तीनपैकी एक काहीतरी होतं.

ती फुगते आणि पुढे चालू राहते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या सगळीकडे शाबूत, फक्त मधली पांढरी पट्टी रुंद झालेली. ही सूज आहे: क्रोन्स (आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाहाचा आजार), इन्फेक्शन, रक्तपुरवठा कमी पडणं, रेडिएशन.

किंवा ती पातळ होते, पण तुटत नाही, आणि तिच्या बाहेरचा काळा स्नायूचा थर जाड झालेला असतो. डाव्या बाजूला डायव्हर्टिक्युलाच्या जुन्या आजारात सिग्मॉइड असा दिसतो. जवळच भिंतीबाहेर डोकावणाऱ्या छोट्या पिशव्या, त्यांच्यात हवा किंवा घट्ट मळाचा चमकणारा ठिपका आणि मागे सावली दिसली तर चित्र पूर्ण होतं.

किंवा ती अचानक तुटते. एका बाजूला पाचही थर स्वच्छ, आणि अर्ध्या सेंटिमीटरच्या आत सगळी भिंत एकसारखी काळपट, थरांचा मागमूस नाही, आणि त्या कडेवर भिंत पोकळीत खांद्यासारखी पुढे आलेली. हे दिसलं की कॅन्सरचा विचार पहिल्या क्रमांकावर न्यायचा. पेशंट तरुण आहे म्हणून तो मागे ढकलू नका.

इथे एक सापळा आहे. ध्वनीलहरी भिंतीवर तिरक्या पडल्या की थर खोटेच नाहीसे होतात. म्हणून 'थर गेले' असं लिहिण्याआधी त्याच खोलीवरचं, त्याच प्रोबने, शेजारचं निरोगी आतडं बघा. तिथे थर दिसत असतील तरच इथे ते गेलेत असं म्हणता येतं. तिथेही दिसत नसतील तर दोष कोनाचा किंवा खोलीचा आहे, आणि तसंच रिपोर्टमध्ये लिहा.

तिसऱ्या रेषेनंतर लांबी आणि सारखेपणा. कॅन्सरचा भाग बहुधा आखूड असतो, 5 सेंमीच्या आत, क्वचित 10 सेंमीपर्यंत. आडव्या छेदात भिंत एका बाजूला 6 मिमी आणि दुसऱ्या बाजूला 14 मिमी अशी वेडीवाकडी जाड असते. मधल्या पोकळीतली हवा पांढऱ्या ठिपक्यासारखी चमकते आणि भोवतालच्या काळ्या जाड भिंतीमुळे सगळं किडनीसारखं दिसतं. त्याला आपण स्यूडोकिडनी म्हणतो. पण हे चिन्ह कुठल्याही खूप जाड भिंतीत येतं, त्यामुळे त्यावर एकट्यावर काही ठरवू नका. सुजेचा अरुंद भाग लांब असतो, सगळ्या बाजूंनी सारखा जाड असतो आणि दोन्ही टोकांना हळूहळू निरोगी भिंतीत मिसळतो.

जाडीचा आकडा स्वतःहून फार मदत करत नाही. 12 मिमीची भिंत तीव्र क्रोन्समध्ये असू शकते आणि 7 मिमीची कॅन्सरमध्येही.

भिंतीच्या बाहेर

भोवतालची चरबी पांढरी आणि फुगीर झाली असेल आणि दाबल्यावर दबत नसेल, तर तिथे दाह चालू आहे. डायव्हर्टिक्युलायटिस आणि क्रोन्समध्ये हे ठळक असतं. कॅन्सरमध्ये चरबीत काळ्या बोटांसारखे फाटे शिरलेले दिसतात, किंवा ती बरीचशी शांत असते. भिंत खूप जाड आणि भोवतीची चरबी शांत, ही जोडी मला नेहमी अस्वस्थ करते. एवढी जाडी दाहामुळे आली असती तर भोवताली काहीतरी पेटलेलं दिसायला हवं होतं.

लिम्फ नोड, म्हणजे आतड्याजवळच्या लसिकेच्या गाठी, मोजण्यापेक्षा त्यांचा आकार आणि आतला भाग बघा. गोलसर, मधला पांढरा गाभा हरवलेल्या गाठी संशयास्पद. लांबट, मऊ, गाभा शाबूत असलेल्या गाठी बहुधा दाहाच्या. आतून काळ्या, एकमेकींना चिकटलेल्या, काही ठिकाणी कॅल्शियमचे चमकते ठिपके असलेल्या गाठी टीबीकडे बोट दाखवतात.

डॉपलरबद्दल गैरसमज खूप आहेत. भिंतीत रक्तप्रवाह भरपूर दिसला तर दाह सक्रिय आहे किंवा गाठ आहे, दोन्ही शक्य आहे. अजिबात दिसला नाही तर जुना फायब्रोसिस (व्रणासारखा कडकपणा) किंवा रक्तपुरवठाच तुटलेला असू शकतो. साधं की कॅन्सर हा प्रश्न डॉपलर सोडवत नाही.

प्रत्येक अरुंद आतड्यानंतर लिव्हर पुन्हा एकदा, लक्ष देऊन, पूर्ण बघा. पोटात पाणी आहे का, ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) जाड आहे का, बाईच्या अंडाशयात गाठी आहेत का, तेही बघा.

जिथे नियम मोडतात

वरचं सगळं पाठ करून कुणी शंभर टक्के खात्रीने रिपोर्ट द्यायला लागलं तर तो पेशंटसाठी धोका आहे. अपवाद नेमके आपल्याच भागात जास्त भेटतात.

पहिला आणि सगळ्यात मोठा अपवाद टीबी. आतड्याच्या टीबीची सगळ्यात आवडती जागा इलिओसिकल भाग, आणि उजव्या बाजूचा कॅन्सरही तिथेच बसतो. टीबीत ग्रॅन्युलोमा (दाहाच्या बारीक गाठी), केसिएशन (त्यांचं आतून कुजणं) आणि नंतरचा फायब्रोसिस भिंतीच्या सगळ्या जाडीत पसरतो, म्हणून टीबीतही थर पुसले जातात. तिसऱ्या रेषेचा नियम इथे अर्धाच चालतो. मग बाकीच्या गोष्टी जोडून बघायच्या. टीबी बहुधा व्हॉल्वच्या दोन्ही बाजूंना असतो: टर्मिनल इलियमही जाड आणि सिकमही. जुन्या आजारात सिकम आकसून वर लिव्हरच्या दिशेला ओढलं जातं. उजव्या जांघेच्या वर सिकम सापडतच नाही, ते किडनीच्या पातळीवर मिळतं. मेसेंटरी (आतड्याला धरून ठेवणारा पडदा) 15 मिमी किंवा जास्त जाड आणि पांढरट, आत काळ्या गाभ्याच्या गाठी, पोटातल्या पाण्यात कोळिष्टकासारखे बारीक पडदे, हे सगळं टीबीच्या बाजूचं. सिकमचा कॅन्सर बहुधा सिकमपुरता राहतो: आखूड, एकाच बाजूला जास्त जाड, टर्मिनल इलियम जवळजवळ निरोगी. छातीचा एक्स-रे साफ आहे म्हणून पोटाचा टीबी नाही असं म्हणू नका. बऱ्याच पेशंटमध्ये तो साफच असतो.

दुसरा अपवाद तरुणांमधला सिग्नेट रिंग प्रकारचा कॅन्सर. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधल्या पेशंटांच्या अभ्यासात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं वय पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आणि या प्रकारचं प्रमाण जास्त दिसलं आहे. त्याच्या पेशी गाठ न बनवता भिंतीतून पसरतात. त्यामुळे अरुंद भाग लांब असतो, सगळीकडून सारखा जाड असतो आणि थर काही ठिकाणी शाबूतही असतात. अगदी कोलायटिससारखं (मोठ्या आतड्याच्या दाहासारखं) चित्र. पस्तिशीच्या पेशंटमध्ये सिग्मॉइड-रेक्टम लांब आणि ताठ, आकुंचन-प्रसरण बंद, औषधांनी काहीच फरक नाही, असं असेल तर 'कोलायटिस' लिहून थांबू नका. आणि रेक्टमच्या खालच्या भागासाठी पोटावरची सोनोग्राफी कमीच पडते. तिथे आधी बोटाने तपासणी, मग दुर्बीण. शौचातून रक्त जाणाऱ्या पेशंटची बोटाने तपासणी झाली आहे का, हे आपणही विचारावं.

लिम्फोमामध्ये (लसिका पेशींच्या कॅन्सरमध्ये) भिंत प्रचंड जाड आणि इतकी काळी असते की आत पाणी आहे असं वाटतं. तरी पोकळी उघडी, कधी उलट रुंद, आणि अडथळा नाही. अरुंदपणा शोधत असाल तर तो हातातून निसटतो.

एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, आतड्यात बाहेरून आत येतो. रेक्टम-सिग्मॉइडच्या समोरच्या भिंतीत, स्नायूच्या थरात काळपट जाड पट्टा असतो, पण आतला म्यूकोसा आणि बहुधा तिसरी रेषा शाबूत असते. पाळीशी जोडलेलं दुखणं असेल तर योनीमार्गातून सोनोग्राफी सुचवा. दुर्बिणीच्या बायॉप्सीत इथे काही सापडलं नाही तर आश्चर्य नाही, कारण आजार म्यूकोसाच्या खाली आहे.

पेनकिलरमुळे छोट्या आतड्यात कधी पडद्यासारखे पातळ अरुंद भाग तयार होतात. ते इतके पातळ असतात की सोनोग्राफीत सुटतात. फक्त मागचं फुगलेलं आतडं दिसतं. आणि वर्षानुवर्षं क्रोन्स असलेल्या अरुंद भागात कॅन्सर उगवू शकतो. एरवी सारख्या जाड भिंतीत एखाद्या जागी थर नव्याने पुसलेले दिसले तर तो बदल वेगळा नोंदवा.

मोठ्या माणसाच्या आतड्यात आतडं शिरलेलं, म्हणजे इंटससेप्शन, दिसलं तर लहान मुलासारखं सोडून देऊ नका. टोकावर गाठ आहे का ते शोधा. मोठ्या आतड्यात असेल तर ती सापडण्याची शक्यता बरीच असते.

इलॅस्टोग्राफी (भागाचा कडकपणा मोजणं) आणि मायक्रोबबल कॉन्ट्रास्ट (रक्तप्रवाह उठून दिसावा म्हणून शिरेतून दिलेले सूक्ष्म बुडबुडे) मोठ्या केंद्रांत वापरतात. क्रोन्समध्ये अरुंद भाग सुजेचा की फायब्रोसिसचा हे ठरवायला दोन्हींचा काही उपयोग आहे. पण फायब्रोसिसही कडक आणि कॅन्सरही कडक, त्यामुळे आपल्या प्रश्नावर भार त्यांच्यावर टाकू नका.

दोन नमुने

समजा, 42 वर्षांची बाई. सहा महिने कळा, वजन 7 किलो कमी, रात्रीचा बारीक ताप. टर्मिनल इलियम 8 सेंमी लांबीत 7 मिमी जाड, सिकम 9 मिमी आणि वर ओढलेलं. थर काही ठिकाणी पुसट, कडा हळूहळू निरोगी भिंतीत मिसळतात. मेसेंटरीत काळ्या गाभ्याच्या चिकटलेल्या गाठी, पाण्यात पडदे. रिपोर्टमध्ये टीबी पहिला, क्रोन्स दुसरा, लिम्फोमा आणि कॅन्सर वगळण्यासाठी कोलोनोस्कोपी आणि बायॉप्सी.

दुसरा नमुना: 58 वर्षांचे शेतकरी, हिमोग्लोबिन 7.2, पोट दुखत नाही. असेंडिंग कोलनच्या सुरुवातीला 4 सेंमीचा भाग, एका बाजूला 15 मिमी, दुसऱ्या बाजूला 6. सबम्यूकोसाची रेषा वरच्या टोकाला अचानक तुटते, पोकळीत खांदा. टर्मिनल इलियम 2 मिमी. चरबी जवळजवळ शांत, दोन गोल गाठी. इथे 'कॉक्स शक्य' हे शब्दसुद्धा लिहिले तर कुणीतरी आधी टीबीची औषधं सुरू करेल. कॅन्सर पहिला लिहायचा, आणि 'कोलोनोस्कोपी तातडीने' असं लिहायचं.

रिपोर्ट

जागा, लांबी, जास्तीत जास्त आणि कमीत कमी जाडी, थर (शाबूत, पुसट, तुटलेले, किंवा कोनामुळे ठरवता आले नाहीत), कडा हळू की अचानक, पोकळी, मागचा फुगवटा किती, आकुंचन दिसलं का, चरबी, गाठी, पाणी, लिव्हर. मग निदान शक्यतेच्या क्रमाने, आणि त्या क्रमाचं कारण अर्ध्या ओळीत. 'दाहजन्य जाडी' एवढंच लिहिलेला निष्कर्ष वाचणाऱ्याला थांबवतो. तसा लिहू नका.

काही गोष्टी दिसल्या तर रिपोर्टची वाट न बघता थेट फोन करा: फुगलेल्या आतड्यात हालचाल थांबलेली, भिंतीत रक्तप्रवाह नाही, बाहेर मोकळी हवा, वाढतं पाणी. डाव्या बाजूला अडथळा असेल आणि इलिओसिकल व्हॉल्व घट्ट बंद असेल तर सगळा दाब सिकमवर येतो. सिकम 9 सेंमीच्या पुढे गेलं असेल तर ते फुटण्याची भीती असते, आणि तो पेशंट त्याच दिवशी सर्जनकडे जायला हवा.

टेबलावर पेशंटशी बोलताना 'गाठ' किंवा 'कॅन्सर' म्हणायची गरज नाही, आणि 'काही नाही, सूज आहे' असंही म्हणू नका. 'आतड्याचा एक भाग जाड झालाय, दुर्बिणीने बघून तुकडा तपासावा लागेल, आणि हे याच आठवड्यात करायचं' असं सांगितलं की बहुतेक पेशंट खरंच जातात. नातेवाइकांना तारीख ठरवूनच पाठवा.

तुकडा आल्यावर

कोलोनोस्कोपीत तुकडे भरपूर घ्यायला सांगा, आणि पॅथॉलॉजीबरोबर टीबीची जनुकीय तपासणी आणि कल्चरही. टीबी सिद्ध झाला तर निक्षयवर (टीबी पेशंटांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर) नोंद आणि औषधं. पुरावा अर्धवट असेल आणि डॉक्टरांनी टीबीची औषधं देऊन बघायचं ठरवलं असेल, तर दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने व्रण भरतायत का हे बघणं आवश्यक आहे. सोनोग्राफीही तेव्हा, त्याच प्रोबने, त्याच जागी, त्याच मापांनी करा. टीबी बरा होत असताना व्रण भरतात, भिंतीची जाडी कमी होते, पण फायब्रोसिसने अरुंद झालेली पोकळी तशीच राहू शकते. ते औषधांचं अपयश नसतं, आणि त्यासाठी फुग्याने रुंद करणं किंवा ऑपरेशन लागू शकतं. व्रण भरले नाहीत आणि भिंत तशीच राहिली तर औषधं आणखी काही महिने चालवून बघू नका. आधीचं निदान पुन्हा उघडा.

सगळ्यात अवघड वेळ 'बायॉप्सीत कॅन्सर नाही' असा रिपोर्ट येतो तेव्हाची. अरुंद भागातून दुर्बीण पुढे जात नाही, म्हणून तुकडा अनेकदा फक्त खालच्या कडेवरून येतो. त्या कडेला नुसती सूज असते आणि कॅन्सर चार सेंटिमीटर वर असतो. सिग्नेट रिंग प्रकारात वरचा म्यूकोसा निरोगी निघू शकतो. अशा वेळी आपला सोनोग्राफी रिपोर्ट पुन्हा वाचा. तिसरी रेषा अचानक तुटली होती, खांदा होता, भोवतीची चरबी शांत होती, असं आपण लिहिलेलं असेल तर गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्टला फोन करून तसं सांगा. मग पर्याय खुले असतात: बारीक स्कोपने पुन्हा प्रयत्न, खोलवरचा तुकडा, गाठ भिंतीच्या बाहेरपर्यंत असेल तर सोनोग्राफीच्या मदतीने सुईने बायॉप्सी, कॉन्ट्रास्ट सीटी, आणि हे सगळं करूनही उत्तर मिळालं नाही तर तो भाग काढून टाकण्याचा सर्जनचा निर्णय.